प्रकार संपत नाही

कहकशा ऑफिसात रुजू झाली त्या सकाळी तिला बसायला धड खुर्ची नव्हती. जी होती तिचा एक पाय लचकत होता. बुद्धभूषणनं आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि चहाच्या खोलीतलं प्लास्टिकचं स्टूल आणून स्वतः त्यावर बसला. दुपारी नवी खुर्ची आली तेव्हा ती म्हणाली, "सर, तुमची घ्या ना परत." तो म्हणाला, "राहू दे, मला नवी मिळाली." त्या दिवशी त्याच्या मनात तिच्याबद्दल काहीही वाकडं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या सात-आठ महिन्यांत त्या मनाचं जे झालं ते त्याचं त्यालाही ओळखू येईना.

बुद्धभूषण साळवे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. वडील, सांडू साळवे, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला होते आणि घर बजाजनगरात दोन खोल्यांचं. मापाचं गेज लावायच्या आधी दांडा नुसता बोटांत फिरवून सांडू म्हणायचे, "ह्यो नाय बसायचा," आणि तो बसायचा नाही. बुद्धभूषणनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, सहा वर्षं टूलरूममध्ये काढली. तिथं गुणवत्ता विभागात कॉम्प्युटर आला, त्यात तपासणीचे तक्ते भरायला कुणी तयार होईना, म्हणून याला बसवलं. तो बसला तो उठलाच नाही. तक्ते भरता भरता प्रोग्रॅम लिहायला शिकला. पुण्यातल्या एका प्रशिक्षणात त्याला एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. विषय होता फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे सगळा प्रोग्रॅम लहान लहान फंक्शनं एकात एक गुंफून रचायची पद्धत. शब्दकोश शेजारी ठेवून त्यानं ते पुस्तक दोन वर्षांत वाचलं. शेवटची दोन प्रकरणं मात्र सोडली. वाळूजमध्ये याची गरज कधी पडणार, असं त्याला वाटलं.

त्या वाचनातून 'पारख' जन्माला आली. पारख ही त्यानं स्वतः बनवलेली छोटीशी संगणकाची भाषा. कारखान्यातल्या सुपरवायझरांनी तपासणीचे नियम तिच्यात लिहायचे. तिची खुबी अशी, की कुठल्या जागी वजन आहे, कुठं लांबी, कुठं वस्तूंची यादी, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. नियम वाचून ती स्वतःच प्रत्येक गोष्टीचा प्रकार ओळखायची, आणि नियम चालवण्याआधीच सांगायची, 'इथं लांबी हवी, तुम्ही वजन दिलंय.' मराठी संदेश लिहिताना एकानं सुचवलं होतं, 'जात जुळत नाही' असं लिहू, धान्याची जात म्हणतात तसं. बुद्धभूषण म्हणाला, "नाय. प्रकार म्हणायचं. प्रकार जुळत नाही." आणि विषय तिथंच संपवला.

ऋतुराज देशपांडे नावाच्या तरुणानं पारखच्या जोरावर जालना रोडवर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंपनी काढली आणि बुद्धभूषणला पहिला माणूस म्हणून घेतलं. बारा वर्षांत चाळीसेक कारखान्यांत पारख पोचली. वाळूजला गेटवरचा वॉचमनसुद्धा त्याला 'पारखवाले सर' म्हणायचा. इंजिनिअरिंग कॉलेजात दर फेब्रुवारीत त्याचं व्याख्यान असायचं. पारखच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यानं स्वतः लिहिलेलं वाक्य होतं, 'पारखला काही सांगावं लागत नाही.' या वाक्याचा त्याला फार अभिमान होता. माणसाला आपल्या मुलाच्या पहिल्या नंबराचा असावा तसला.

कहकशा सिल्लोडची. वडील मजीदभाई मक्याच्या मळणीयंत्राचे सुटे भाग विकायचे. एम.एस्सी. करताना ती दोन वर्षं रोज एसटीनं ये-जा करत होती, आणि गणिताची निम्मी पुस्तकं आपण जळगाव रोडच्या खड्ड्यांत वाचलीत असं हसत सांगायची. घरी फोनवर बोलताना, "हौ अब्बा, खाना खाली मैं," आणि फोन ठेवल्यावर लगेच, "सर, ही ओळ जरा बघता का?" पहिल्या पंधरवड्यात तिनं पारखचा सगळा प्रोग्रॅम वाचून काढला. आजवर कुणीच तो पूर्ण वाचला नव्हता. ऋतुराजनंही नाही.

पंधराव्या दिवशी तिनं विचारलं, "सर, एखादं फंक्शन स्वतःच्याच पोटात स्वतःला हाक मारतं, तेव्हा आपण त्याचा प्रकार एकच का धरतो?"

"धरावाच लागतो," बुद्धभूषण म्हणाला. "त्याशिवाय पारख प्रकार ओळखणार कसा?"

"अच्छा," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

काय लिहिलं असेल, हा विचार त्याच्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मग जुलैत बेअरिंग बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं. त्यांची बांधणी अशी होती: दोन बेअरिंगची एक पुडी, दोन पुड्यांचा डबा, दोन डब्यांचं खोकं, दोन खोक्यांची पेटी, आणि असंच पुढं. कधी तीन थर, कधी पाच, मागणी येईल तसे. पारखनं आतपर्यंत जाऊन सगळ्या बेअरिंगचा बॅच नंबर एकच आहे ना हे तपासायचं आणि बाहेरचं लेबल छापायचं. बुद्धभूषणनं अर्ध्या तासात नियम लिहिला आणि चालवला. पारखनं लाल अक्षरांत उत्तर दिलं: 'प्रकार संपत नाही.'

हा संदेशही त्यानंच लिहिलेला होता, पण एवढ्या वर्षांत तो खऱ्या कामात कधी आला नव्हता. भानगड अशी होती, की नियम स्वतःला हाक मारत एक एक थर पुढं जायचा, पण दर हाकेला हातातली वस्तू बदलत होती. आधी एक बेअरिंग, मग बेअरिंगची जोडी, मग त्या जोड्यांची जोडी. पारख मात्र मनात एकच धरून बसलेली: नियम एकदा ज्या प्रकारावर चालला, त्याच प्रकारावर स्वतःला हाक मारणार. म्हणजे तिच्या लेखी 'वस्तू' आणि 'त्या वस्तूची जोडी' एकच ठरायला लागली. मग त्या जोडीची जोडीही तीच, तिची जोडीही तीच, याला शेवट कुठला? ती तिथंच थांबायची.

चार दिवस बुद्धभूषण त्याच्याशी झगडला. पाचव्या दिवशी शुक्रवारच्या बैठकीत त्यानं सांगितलं, "प्रत्येक थराला वेगळा नियम लिहू. पाच थर, पाच नियम. काम भागतंय."

"आणि उद्या सहा थर आले तर?" हे विचारलं सुदर्शननं. कारखान्यांत जाऊन पारख बसवून देणं हे त्याचं काम, शिव्याही त्यालाच खाव्या लागायच्या.

"सहावा लिहू."

"सर, एक सुचवू का?" कहकशा म्हणाली.

"बोल."

"पारखला हे स्वतःहून कळणार नाही, बरोबर आहे. पण नियमाच्या डोक्यावर आपणच एक ओळ लिहून दिली, की हा नियम कुठल्याही प्रकारच्या वस्तूवर चालतो, तर? मग तिला शोधायचं कामच उरलं नाही, नुसतं ताडून बघायचं. नियमानं पोटात स्वतःला हाक मारली, की दर वेळी ती ओळ नव्यानं वाचायची. या हाकेला वस्तू म्हणजे बेअरिंग, पुढच्या हाकेला वस्तू म्हणजे जोडी. मग भांडण होतंच कुठं?"

सुदर्शनला अर्धवट कळलं, ऋतुराजला त्याहून कमी. बुद्धभूषणला मात्र तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत सगळं कळलं होतं. एवढं सोपं. आणि ते त्या सोडलेल्या दोन प्रकरणांतच कुठंतरी असणार, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

"किती दिवस लागतील?" ऋतुराजनं विचारलं.

"झालंय सर. काल दुपारी. चाळीसेक ओळी आहेत."

ऋतुराजनं भुवया उंचावून तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्याची बुद्धभूषणला चांगली ओळख होती. बारा वर्षांपूर्वी पारख पहिल्यांदा चालली, तेव्हा ऋतुराजनं त्याच्याकडं असंच पाहिलं होतं.

काल दुपारी! बैठक संपल्यावर बुद्धभूषण जिन्यात जाऊन उभा राहिला. खाली टायरवाला चाकातली हवा तपासत होता. याचे चार दिवस, तिची एक दुपार. त्यातही काल तिनं डब्यात दालचा आणला होता, सगळ्यांना वाटला होता, सुदर्शनशी अर्धा तास हसत बसली होती. म्हणजे पूर्ण दुपारसुद्धा नाही.

पारखमध्ये कुणीही केलेला बदल बुद्धभूषणनं वाचून मान्य केल्याशिवाय आत जात नसे. कहकशाच्या त्या चाळीस ओळी त्याच्याकडं आल्या. त्या त्यानं वाचल्या. पुन्हा वाचल्या. चूक सापडावी म्हणून माणूस जसा वाचतो तशा वाचल्या. चूक नव्हती. मग त्यानं लिहिलं, 'नावं स्पष्ट नाहीत, बदलावीत.' तिनं बदलली. 'जास्त टिपा हव्यात.' तिनं लिहिल्या. 'आधीचंच नाव बरं होतं.' तिनं ते परत ठेवलं. असं करत दीड महिन्यात त्यानं सतरा हरकती काढल्या. एकदा तिच्या संदेशात 'तपासनी' असं चुकीच्या नचं दिसलं, तर त्या दिवशी तो घरी जाईपर्यंत खुशीत होता.

आपल्याला काय होतंय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. ऋतुराजनं बैठकीत तिचं नाव किती वेळा घेतलं हे तो मोजायचा. ती कुणाचा फोन घेऊन 'पारख टीममधून कहकशा बोलतेय' म्हणाली, की त्याच्या छातीत कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. आजकालच्या पोरांना सगळं आयतं मिळतं, असं मनात म्हणून बघावं, तर ते तिला लागू होत नव्हतं. रोज दोन-अडीच तास एसटीत उभं राहून शिकलेली पोरगी. तीही त्याच्यासारखीच वर आली होती, फक्त लवकर. तिच्यावर रागवायला एखादं तरी धड कारण असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याची बायको करुणा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "अहो, ताटावर बसल्यापास्नं तुम्ही त्या कहकशाचं नाव पाचव्यांदा घेतलं."

"कामाचं बोलतोय."

"कामाचंच बोला, पण मला काय समजायचं ते सांगा."

"तसलं काही नाय गं," तो चिडून म्हणाला. "हुशार आहे पोरगी. एवढंच."

"हुशार आहे तर तुमचं तोंड एवढं कडू का होतंय?"

तो मान खाली घालून भाकरी मोडायला लागला. करुणानंही पुन्हा विचारलं नाही, पण त्याच्या ताटात भाजी वाढताना एकदा त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

सप्टेंबरात ऋतुराजनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. "सर, कहकशाचं ते काम अजून का अडकलंय? बेअरिंगवाले विचारतायत."

बुद्धभूषणनं याची तयारी करून ठेवली होती. ती सोडलेली दोन प्रकरणं त्यानं गेल्या महिन्यात वाचून काढली होती. "ऋतुराज सर, यात मूळचीच अडचण आहे. असला प्रकार स्वतःहून शोधून काढणारी, आणि कधीच न अडकणारी पद्धत कुणालाही बनवता येणार नाही. हे गणितानं सिद्ध झालंय, तीसेक वर्षांपूर्वी."

"म्हणजे अशक्य?"

"शोधणं अशक्य."

'शोधणं' या शब्दावर त्यानं जीभ जरा जास्तच टेकवली. उद्या कुणी जाब विचारलाच, तर आपण खोटं बोललो नाही असं म्हणता यावं म्हणून. आणि तो खोटं बोललाच नव्हता. त्याच पानावर पुढं लिहिलेलं होतं, की माणसानं प्रकार आधी लिहून दिला तर ताडून बघणं अगदी सोपं. ते वाक्य त्यानं तोंडातच ठेवलं. कहकशानं शोधायला सांगितलंच नव्हतं, ती लिहून द्या म्हणत होती. पण हा फरक ऋतुराजला कुठून कळावा?

त्याच दुपारी ऋतुराजनं सगळ्यांना लिहून कळवलं: हे अशक्य असल्याचं गणितानं सिद्ध झालंय, सरांच्या सल्ल्यानुसार हा विषय बंद, पाच नियमांचीच आवृत्ती द्यावी. कहकशानं संदेश वाचला, बुद्धभूषणच्या टेबलाकडं एकदा पाहिलं आणि पडद्याकडं वळली. आपण जिंकलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण ऑफिसातून निघताना त्याला सारखं वाटत होतं, की आपण काहीतरी विसरलोय. गाडीची किल्ली, डबा, चष्मा, सगळं तर जवळ होतं.

फेब्रुवारीत कॉलेजचं पत्र आलं. या वर्षी व्याख्यानाला कहकशा मॅडमना पाठवावं, तरुण वक्ता विद्यार्थ्यांना जवळचा वाटतो, वगैरे. बुद्धभूषण गेला नसता तर लोकांनी काहीबाही म्हटलं असतं, म्हणून तो गेला आणि शेवटच्या रांगेत बसला. ती छान बोलली. सुरुवातीलाच म्हणाली, "पारख आमच्या बुद्धभूषण सरांनी एकट्यानं लिहिली आहे. मी ती वाचूनच शिकले." मुलांनी मागं वळून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याला अजिबात नको होत्या. तिनं त्याचं नाव घेतलं नसतं तर निदान तेवढा तरी दोष तिच्या नावावर मांडता आला असता.

मार्चमध्ये जे व्हायचं ते झालं. बेअरिंगच्या कारखान्याला सहा थरांची मागणी आली. पारखला पाचच ठाऊक. माल त्याच दिवशी निघायचा होता, तेव्हा तिथल्या सुपरवायझरनं शक्कल लढवली. एका मोठ्या पेटाऱ्याचे त्यानं पारखला पाच-पाच थरांचे दोन वेगळे भाग दाखवले आणि दोन्हींची लेबलं छापून घेतली. बंदरावर बाहेरचं लेबल आणि आतली लेबलं जुळेनात, आणि अख्खा ट्रक परत आला. प्रत्येक पेटी उघडून, आतलं एकेक बेअरिंग पुन्हा तपासून बांधायला हवं होतं. रविवारी सकाळी सुदर्शन, कहकशा आणि बुद्धभूषण तिघंही वाळूजला त्या शेडमध्ये हजर झाले. कारखान्याचे आठ कामगार होते. पत्र्याचं छप्पर तापत चाललेलं, पंखा एकच, तोही लांब.

अकराच्या सुमारास ऋतुराज आला. तो भडकलेला होता. "पाचच थर का ठेवले? सहावा येऊ शकतो हे बैठकीत निघालं होतं ना, मग त्याचा नियम आधीच का लिहून ठेवला नाही? कहकशा, या कामाची फाइल तुझ्याकडं होती ना?"

कहकशा गुडघ्यावर बसून खोकं उघडत होती. हातात पट्टी कापायची सुरी. तिनं मान वर केली. बुद्धभूषणला वाटलं, आता सांगणार. सतरा हरकती सांगणार, दीड महिना सांगणार. जुलैपासून तयार आहे, यांनीच अडवलं, असं म्हणणार.

"हो सर, फाइल माझ्याकडं होती," ती म्हणाली आणि पुन्हा पट्टी कापायला लागली.

बस्स, एवढंच. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आणि बुद्धभूषणला काय वाटलं असेल? आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ तोच जुना चिमटा, पूर्वीपेक्षा जोरात. हेसुद्धा हिला जमतं! गप्प राहणं. तिच्या जागी आपण असतो तर पहिल्या वाक्यातच नाव घेतलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या हुशारीचा हेवा त्यानं आठ महिने कसाबसा सोसला होता. हा वरचा भार त्याच्यानं सोसवेना. पुढं त्यानं जे केलं ते मन मोठं झालं म्हणून केलं, असं कुणी म्हणू नये. तिच्या उपकाराखाली राहणं त्याला जमलं नाही, म्हणून केलं.

"ऋतुराज सर," तो म्हणाला, "जरा बाहेर येता का?"

शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली कामगारांच्या मोटारसायकली लावलेल्या होत्या. तिथं उभं राहून त्यानं सांगितलं, "सप्टेंबरात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. शोधणं अशक्य आहे, ते खरं. पण कहकशाच्या पद्धतीत शोधायचंच नसतं. माणूस ती ओळ लिहून देतो आणि पारख ताडून बघते. ते सोपं आहे. तिचं काम जुलैतच झालं होतं, आणि बरोबर होतं. मी मुद्दाम अडवलं."

"मुद्दाम?"

"व्हय."

"का पण, सर?" ऋतुराजचा राग गेला होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

बुद्धभूषणनं एका मोटारसायकलच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. "बघवलं नाय मला," तो म्हणाला.

ऋतुराजनं शेडच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "हे तिला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

दुपारी कामगार जेवायला गेले. सुदर्शन पाण्याचा जार आणायला गेला. कहकशा एका उलट्या पेटीवर बसून डबा उघडत होती. बुद्धभूषण समोर उभा राहिला आणि ऋतुराजला सांगितलं तेच सगळं त्यानं तिला सांगितलं. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं."

ती ऐकून घेईल, 'जाऊ द्या सर' म्हणेल, अशी कुठंतरी त्याची आशा होती. तसं झालं नाही.

"मला माहीत होतं सर," ती म्हणाली. "म्हणजे सप्टेंबरात कळलं, तुमचं ते 'सिद्ध झालंय' वाचून. ते सिद्ध केलेला लेख मीही वाचलाय. पण त्याच्या आधीचा दीड महिना? सतरा वेळा तुम्ही परत पाठवलं. प्रत्येक वेळी मी घरी जाऊन विचार करायचे, की मुझेच नहीं आता क्या? अब्बांना म्हटलं, मी परत येते सिल्लोडला, दुकानात बसते. तुमची पारख वाचून मी इथं आले होते, सर. तुम्ही चूक म्हणालात तर ती चूकच असणार, असं वाटायचं मला."

"मग आज गप्प का राहिलीस?"

"तुमच्यासाठी नाही राहिले," ती ताडकन म्हणाली. "आठ कामगारांसमोर काय सांगू? आपल्याच ऑफिसचं धुणं तिथं धुवायचं का?"

तिनं डबा तसाच बंद केला आणि उठून पुन्हा पेट्यांकडं गेली. बुद्धभूषणही तिच्यामागं गेला आणि पलीकडच्या रांगेत बसून खोकी उघडायला लागला. संध्याकाळी साडेपाचला शेवटची पेटी बंद होईपर्यंत दोघं एकमेकांशी फक्त आकडे बोलले.

सोमवारी ऋतुराजनं निर्णय सांगितला. पारखमधले बदल मान्य करायचा अधिकार यापुढं कहकशाकडं. बुद्धभूषणची नोकरी, पगार, टेबल, सगळं होतं तसंच. फक्त त्यानं लिहिलेली ओळही आता तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जाणार नव्हती. तिच्या चाळीस ओळी त्याच सकाळी आत गेल्या. बेअरिंगचा नियम एकच उरला. डोक्यावर एक ओळ, आणि थर तीन असोत की नऊ, पारख तक्रार करेना. माहितीपुस्तिकेतलं ते अभिमानाचं वाक्य बदलावं लागलं. ते बुद्धभूषणनं स्वतःच बदललं: 'पारखला सहसा काही सांगावं लागत नाही.' 'सहसा' हा शब्द टंकायला त्याला अख्खा चहा लागला.

घरी त्यानं करुणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वर्गात मी पोरांना सांगते, खोडी काढली तर मान्य करा. ती करतात बापडी. तुम्हाला आठ महिने लागले."

"तुला राग नाय आला?"

"आलाय ना. पण आता तुमचं तोंड जरा बरं दिसतंय."

कहकशा दोन महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याचा पहिला बदल तिच्याकडं गेला, तेव्हा तो दिवसभर वाट बघत बसला. वाटलं, आता उट्टं काढणार, पाहिजे तेवढ्या हरकती काढणार. तासाभरात उत्तर आलं, 'मान्य.' दुसऱ्या बदलावर एक हरकत आली. ती बरोबर होती. त्याला पुन्हा झोंबलं, पण त्यानं ती दुरुस्त केली.

सुपरवायझरांना ती डोक्यावरची ओळ कशी लिहायची हे शिकवायचं काम सुदर्शननं बुद्धभूषणच्या गळ्यात घातलं. कारखान्यात गेल्यावर लोक विचारायचे, "सर, हे नवीन तुम्हीच केलंत का?" तो म्हणायचा, "नाय, कहकशा मॅडमनी." पहिल्यांदा हे म्हणताना फार अवघड झालं. पंधराव्यांदा तेवढं झालं नाही. जरासं झालं.

मेच्या शेवटी एक दिवस तीच त्याच्या टेबलाशी आली. हातात कागदांचा जाड गठ्ठा होता. "सर, हा एक लेख आहे. प्रकार किती ठिकाणी लिहायला लावायचे आणि किती ठिकाणी पारखनं स्वतः ओळखायचे, याच्यावर. एकटीनं वाचला तर मला पूर्ण कळणार नाही. तुम्ही बसाल का? गुरुवारी, जेवणानंतर?"

"बसू की," तो म्हणाला.

तेव्हापासून दर गुरुवारी दोघं चहाच्या खोलीत बसून तो लेख वाचतात, एका बैठकीला दोन पानं. तिनं त्याला माफ केलंय का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. हेवा गेला का? नाही गेला. एखादी गोष्ट तिला त्याच्याआधी कळली, की आजही तो पेन्सिल उगीचच टोकदार करत बसतो. म्हणून बुधवारी संध्याकाळी घरी गेल्यावर तो ती दोन पानं आधीच वाचून ठेवतो, म्हणजे गुरुवारी मागं पडायला नको. परवा तिनं पकडलं.

"सर, हे पान तुम्ही आधीच वाचलंय ना?"

त्यानं चहाचा घोट घेतला. "व्हय. दोनदा."

"मी तीनदा," ती म्हणाली.

त्याच्या छातीत बारीकसं काहीतरी टोचलं. त्यानं चष्मा लावला, कागद दोघांच्या मध्ये सरकवला आणि म्हणाला, "मग तूच सांग, दुसऱ्या परिच्छेदात ह्या लेखकानं ही पायरी का गाळली?"